सुमीला न्यायचं की ठेवायचं

भिंगार, गुरुवार, जानेवारी १९४७

परवा मुंबईला निघायचं, तिथून बोटीनं आफ्रिकेत मोंबासाला. यांना तिथल्या रेल्वेत सुतारकाम मिळालंय. तान्हा बाळू बरोबर येणारच, पण चार वर्षांच्या सुमीला इथंच ठेवा, असं सासूबाई आठवडाभर म्हणताहेत. हे म्हणतात, तुम्ही दोघी ठरवा. मी तरी काय बोलू? नाही म्हटलं तर त्या घरात एकट्या उरतात. हो म्हणायला जीभ रेटत नाही.

आज संध्याकाळी त्या सुमीची वेणी घालत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या आजीचं नाव काय गं?"

"आजी!"

"तिकडं कुनी इचारलं तर? आज्या लई असत्यात. म्हन, सरूबाई."

पीठ मळता मळता माझा हात थांबला. तिकडं म्हणाल्या त्या. तिकडं!

"आत्याबाई, म्हणजे सुमीला..."

"आईबिगर लेकरू ऱ्हातंय व्हय? घिऊन जा."

मला केवढा आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच लाज वाटली. त्यांच्याकडे बघवेना. सुमी मात्र अर्ध्या वेणीनिशी अंगणभर ओरडत सुटली, "सरूबाई! सरूबाई!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, रडतही होत्या. या घरात त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी आज पहिल्यांदा ऐकली.