'अधि' उडवताना

३ मार्च
ह्यांच्या पुस्तकाची प्रुफं आली. खडबडीत पृष्ठभागावर वायू कसा आणि किती वेगाने चिकटतो, त्याची गणितं. ह्यांचे विद्यार्थी (आता स्वतःच टकले झालेत) म्हणाले, काकू, आम्ही तपासतो. ठणकावून सांगितलं, मीच तपासणार. जन्मभर ऐकत आलेय. वाचून वाचूनच शहाणी झालेय.

४ मार्च, सकाळ
आज पहिलं प्रकरण उरकायचंच.

संध्याकाळ
पहिलं पान झालं. पण चोख.

८ मार्च
डीटीपीवालीचा हलगर्जीपणा. जिथे तिथे 'अधिशोषण'. साधं 'शोषण' म्हणायला काय झालं? स्पंज पाणी शोषतो. अधिशोषतो का? मूळ हस्तलिखित बघायला हवं होतं, पण ह्यांचं अक्षर अजून बघवत नाही. म्हणजे, फारच बारीक आहे.
लाल पेनने 'अधि' उडवायला घेतलं. तिने फोनवर विचारलं, सगळीकडेच बदलू? म्हटलं, एका फटक्यात.

११ मार्च
मॉडेल कळायला लागलं. पृष्ठभाग गुळगुळीत कधीच नसतो. उथळ जागेवरचा रेणू चटकन सुटतो, खोल खाचेतला सुटता सुटत नाही. सगळ्यांना एकच वेग लावला की गणित चुकतं.
जाऊबाईंचा फोन. म्हणाल्या, वर्ष झालं, आता सावरायला नको का? त्यांना हे प्रकरण वाचायला देणार आहे.

१४ मार्च
प्रुफं थेट छापखान्यात दिली. विद्यार्थ्यांना सरप्राइज. लेक म्हणाली, आई, एकदा त्यांना दाखवायचं तरी. तिला काय कळतंय!

२२ मार्च
विद्यार्थी आले. आधी पाणी मागितलं. मग हळूच म्हणाले, काकू, शोषणात वायू आत शिरतो. अधिशोषणात तो वरच चिकटून राहतो. सरांनी आयुष्यभर अभ्यास केला तो अधिशोषणाचा.
अर्धं पुस्तक छापून झालंय.
म्हटलं, शुद्धिपत्र जोडा. म्हणाले, ते पुस्तकाहून जाड होईल.
हे असते तर चिडले असते. दोन दिवस बोलले नसते. चाललं असतं.

२४ मार्च
छापलेलं रद्दीत. नवी प्रुफं विद्यार्थीच बघणार. माझं मन राखायला अर्पणपत्रिका तेवढी तपासायला ठेवून गेले. ह्यांनी आजारपणाआधी लिहिलेली. माझं नाव, त्याआधी 'सौ.'
आता ते चूक आहे. ही चूक मात्र मला नक्की कळते.
सकाळपासून पेन उघडून बसलेय.