अष्टमीची भरती

बाळकुम,
पौष पौर्णिमा

चि. दिशा हिस आजी मंजुळाचे पोटभर आशीर्वाद.

ही चिठी तुझ्या बॅगेत ठेवते. तिथे फोन लागत नाही म्हणतेस, मग कागदच बरा. अक्षर वाकडं आहे, चौथीत शाळा सुटली ना. कोकणातल्या कड्यांखालनं, भर समुद्रात, शेंगेएवढ्या कयाकमधनं माझी नात जाणार! आनंदाने जेवण जाईना.

माझा बाप कोलशेतच्या खाडीत होडी वल्हवायचा. तो सांगायचा, तिथीची पाऊणपट, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पुनवेला पाणी माजतं, अष्टमीला गरीब गाय होतं.

मी आहे सतराव्या मजल्यावर. दसऱ्याला खाडीवर निवट्या मासे बघायला गेले नि चिखलात रुतून बसले, तेव्हापासून तुझ्या बापाने वॉचमनला सांगितलंय, आईला एकटीला सोडायचं नाही. सुदेश मुलगा माझा, पण वागतो सासऱ्यासारखा. खिडकीतनं खाडी दिसते, वास येत नाही.

लोभ भरतीसारखा असू दे, ओहोट नको.
तुझी आजी

कातळवाडी,
१२ जानेवारी

ती. आजीस दिशाचा साष्टांग नमस्कार.

सात तारखेला वाऱ्यामुळे आम्ही सहा जण दोन कड्यांमधल्या टीचभर पुळणीवर शिरलो, ते अडकलोच. मागे कातळ, चढता येईना. तोंडाशी खडक, त्यांवर लाटा फुटायच्या. प्यायचं पाणी संपत आलं, तेव्हा दहा तारखेच्या दुपारी आम्हाला नेणारे सर निघायचंच म्हणाले. मी तुझी चिठी वाचून दाखवली. पोरं हसली, मला पंचांगकाकू म्हणाली. सर मात्र थांबले.

दुसऱ्या दिवशी, अष्टमीला फटफटलं तेव्हा वारा पडलेला, खडक बुडालेले. एकेक करून सुटलो. मी शेवटची, जाम घाबरलेले गं.

चार दिवसांत मला वेड लागायची वेळ आली. तू दसऱ्यापासून कशी बसलीस?

बाबांना नमस्कार. माया आहेच, ती राहू दे.
तुझी दिशा

बाळकुम,
पौष वद्य त्रयोदशी

चि. दिशा हिस आशीर्वाद, आज दोन जास्त.

पत्र आलं नि पोस्टमनला खोबऱ्याची वडी दिली. डायबेटिस आहे म्हणाला, तरी खाल्ली. अगं, माझ्या बापाच्या हिशोबाने सहा जीव सुटले! शेजारच्या शीलाला चारदा वाचून दाखवलं.

संध्याकाळी तुझ्या बापाला वाचलं. पंचांगकाकूला हसला. तुझी ती दसऱ्यापासूनची ओळ माझ्याच्याने वाचवेना, त्याने कागद घेतला, नि मग चष्माच पुसत बसला. मी आपली मटार सोलत राहिले. उठून खिडकीशी गेला नि विचारतो कसा, रविवारी अमावस्या ना, भरती किती वाजता? सव्वाअकरा, म्हटलं. मग दहाला निघू म्हणाला, पण चिखलात माझा हात सोडायचा नाही.

भरतीला कसला आलाय चिखल! पण ते मी त्याला सांगितलं नाही.

चपला धुऊन ठेवल्यात. लोभाला उधाण येऊ दे.
तुझी आजी