दादाच्या खोलीत जागा नाही

प्रिय ठमे,

बदली होऊन इथे येतेयस, घर मिळेपर्यंत दादाच्या खोलीत राहू का, एवढंच तू विचारलंस. मी ‘जागा नाही’ म्हणून फोन ठेवला. त्यानंतर तुझा फोन नाही. तुझा राग मी पाळण्यापासून ओळखतो. पोरगा गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं वाटलं असेल. जावईबापूंना काय वाटलं, ते विचारतच नाही.

प्रयोगशाळेत जातो, पण मन रमत नाही. काम तेच. तापलेल्या लोखंडात विरघळलेले कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमधल्या पोकळ्यांत किती तऱ्हांनी बसू शकतील, त्याचा हिशेब. दादा म्हणायचा, बाबा दिवसभर रिकाम्या जागा मोजतात आणि वर पगारही घेतात. तू खिदळायचीस. परवा नवीन आलेल्या मुलीचा हिशेब काही केल्या मोजमापाशी जुळेना. तिने प्रत्येक मोकळी पोकळी मोकळीच धरली होती. मी सांगायला लागलो की एक अणू बसला की भोवतालचं लोखंड ताणलं जातं, मग शेजारच्या जागा रिकाम्या दिसल्या तरी तिथे दुसरा सहसा बसत नाही, त्या वजा करायच्या. बोलता बोलता मी मधेच थांबून खुर्चीत बसलो. ती बिचारी घाबरून पाणी आणायला धावली.

दादाच्या अपघातानंतर तू इथे होतीस तोवर आई माणसांत होती. सगळे पांगल्यावर ती त्याच्या खोलीत जाऊन बसू लागली, मग तिथेच झोपू लागली. त्याची उशी धुवायला देत नाही. समजावून पाहिलं, चिडूनही पाहिलं. शेवटी हात टेकले आणि माझी गादी उचलून त्याच्या पलंगाशेजारी खाली टाकली. तुला सांगायचं नाही, अशी तिने शपथ घातली होती. लेक आधीच खचलीय, तिला आणखी घोर नको, म्हणते. फोनवर बोलताना ती समोरच बसली होती. आणि आता मलाही दुसरीकडे झोप लागत नाही, ठमे. माझा मुलगा गेला, हे मला अजून पटत नाही.

शपथ मोडून लिहितोय ते एवढ्यासाठीच. तू ये. जावईबापूंना, बाळाला घेऊन ये आणि हवं तितकं राहा. आमची खोली मी झाडून ठेवलीय, कपाटही मोकळं केलंय. तिथे आता कोणीच झोपत नाही.

तुझेच,
बाबा