तिची सही, माझं वाक्य

शुक्र. २४ जाने.

साप्ताहिकाचा अंक निघाला. पान तीन झकास जमलंय. वाचकांच्या पत्रांत गिरजाबाईंची चिठ्ठी लावली. राहणार काजळवाडी, बोरीच्या पलीकडं. घरी शेळ्या-मेंढ्या, शिक्षण दहावी, अक्षर टपोरं. दोन वर्षांपासून लिहितात, बोअर बंद, एस.टी. येत नाही, असलं काहीबाही. यावेळची चिठ्ठी वेगळी. गावच्या म्हसोबाच्या यात्रेला बोकड दरवर्षी त्यांच्या कळपातला जातो. तो तीन पायऱ्या चढून देवापुढं उभा राहतो. त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवणारी बाई मात्र खाली. बायांनी पायरी चढायची नाही, अशी रीत. 'मलाही एकदा वर जाऊन नमस्कार करू द्या,' एवढंच मागणं.

शेवट मात्र मिळमिळीत. 'देवाबद्दल माझी काही तक्रार नाही, देव माझाच आहे' वगैरे. तशाही चार ओळी जास्त होत होत्या. त्या उडवल्या आणि माझी एक टाकली: 'बोकड चालतो आणि बाई चालत नाही, तर असा देव काय कामाचा?' चिठ्ठीला धार आली. भाऊ (मालक आणि संपादक, दोन्ही तेच) वाचून म्हणाले, "बाईनं काय लिवलंय राव!" मी पुढच्या पानाकडं वळलो, मनातून भलताच खूश.

रवि. २६ जाने.

शाळेत झेंडावंदन, पाहुणा मी. लेखणीच्या स्वातंत्र्यावर वीस मिनिटं. 'कुणाच्या भावना दुखतील म्हणून खरं बोलायचं थांबू नये.' टाळ्या. पोरांचं सगळं लक्ष खाऊच्या पाट्यांकडं, तरी टाळ्या.

घरी येतो तर भाऊंचे सात मिस्ड कॉल. काजळवाडीत पानाचा फोटो घरोघरी मोबाइलवर फिरतोय. अख्खी चिठ्ठी नाही, फक्त शेवटची ओळ, लाल गोल करून. गिरजाबाईंना सकाळी पारावर बोलावलं होतं. म्हणाल्या, ही ओळ मी लिहिलीच नाही. कुणी ऐकून घेईना. पेपरात छापलंय म्हणजे लिहिलंच असणार.

जेवण गेलं नाही. बायको मंगल म्हणाली, भाषणानं पोट भरलं वाटतं.

मंगळ. २८ जाने.

दुपारी ऑफिसात माणसं. बारा-तेरा असतील. पुढं बाबाराव, काजळवाडीच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. शांत बोलले.

"सर, आमच्या रोडावर लिवा, सरपंचावर लिवा, माझ्यावर लिवा. देवाला कामून बोलता?"

भाऊ म्हणाले, "मजकूर वाचकाचा हाय, आमचा न्हाई."

"बाई म्हणती, ती ओळ तिची न्हाई. मूळ कागद सरांकडं हाय म्हणती. दाखवा, इथंच मिटवून टाकू."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कागद टेबलाच्या खणात, माझ्या गुडघ्यापासून वीतभर.

म्हणालो, "हस्तलिखितं आम्ही ठेवत नसतो."

तसं शेवटच्या पानावर बारीक टाइपात छापलेलंच असतं. इतक्या वर्षांत ते वाक्य पहिल्यांदाच कामी आलं.

बाबाराव म्हणाले, "म्हंजी बाईनंच लिवलं." मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

बाहेर जाऊन त्यांनी पाच-सहा अंक जाळले आणि निघून गेले. भाऊंनी झाडू मागवला. संध्याकाळी कागद घडी करून खिशात घातला, घरी आणला. या वहीत ठेवलाय.

बुध. २९ जाने.

दिलगिरी लिहिली. 'सदर पत्रातील मते पत्रलेखिकेची वैयक्तिक असून…' हात कसा सरसर चालला. अशा दिलगिऱ्या आजवर किती लिहिल्या. फोटो अदलाबदल, मयताचं वय चुकलं. ही पहिलीच अशी की जिच्यात एक अक्षर खरं नाही.

भाऊंना सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा ओळ आपली निघाली तर?

"निघाली तर म्हंजी? निघू देऊ नका."

म्हणजे त्यांना कळलंय.

मग स्वतःशी वाद घालत बसलो. ओळ खोटी आहे का? नाही. छापायचा हक्क होता का? होता, अजूनही वाटतं. लोकांना राग यायचा हक्क होता का? तोही होता. मग अग्रलेखात, खाली माझं नाव टाकून का नाही लिहिली? छाती नव्हती. एवढंच आहे ते. बाकी सगळं भाषण.

शुक्र. ३१ जाने.

दिलगिरी छापून आली. पान एक, चौकटीत. गिरजाबाईंचं नाव गावासकट. चौकट सुबक झालीये. बघवत नाही.

सोम. ३ फेब्रु.

गिरजाबाई ऑफिसात आल्या. एकट्याच. वालूरपर्यंत जीपनं, पुढं एस.टी. पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं. पन्नाशीच्या आत-बाहेर, रापलेल्या, हातात पिशवी. पिशवीत आपला अंक, घडी घातलेला.

"सर, तेवढी माझी चिठ्ठी द्या. वाचून दावायची हाय त्यांना."

म्हणालो, शोधतो. कागद घरी आहे हे ठाऊक असताना खण उपसला, कपाट उघडलं, फायली झटकल्या. नाटक सुरू केलं ते थांबवता येईना. त्या खुर्चीवर बसल्या होत्या त्या उठल्या, पदर खोचला आणि माझ्याबरोबर रद्दीचे गठ्ठे उचलायला लागल्या. अर्धा तास. धुळीनं शिंका यायला लागल्या, तरी एकेक गठ्ठा सोडून, बघून, परत सुतळीनं बांधून ठेवत होत्या.

"सापडंल सर. कागुद कुठं जातोय."

नाही सापडला म्हणालो. पाणी प्यायल्या, गेल्या. गठ्ठे आधीपेक्षा नीट लागलेत.

गुरु. ६ फेब्रु.

आमच्या वालूरच्या एजंटाकडून कळलं. काजळवाडीत गिरजाबाईंच्या मेंढ्या कुणी रानात बसवून घेईना. तुरी निघाल्या की शेतकरी आपण होऊन बोलावतात. मेंढ्या रानात मुक्कामाला बसल्या की लेंडीखत मिळतं आणि मेंढीवाल्याच्या घरात धान्य येतं. यंदा सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. कळप गायरानावर आहे. यात्रेचा बोकडही यंदा दुसऱ्या घरचा.

दुपारी मंगलनं पेन शोधायला ही वही उचलली, त्यातून कागद पडला. तिनं उभ्या उभ्या वाचला.

"ही बाई तर म्हणती, देव माझाच आहे. मग पेपरात ते कसं आलं?"

तिनं कागद घडी करून जसा होता तसा ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला लागली. रागावली असती तर मी उलटून बोललो असतो.

रवि. ९ फेब्रु.

काजळवाडीला गेलो. गावात न शिरता बाहेरूनच गायरानावर. गि.बाई बाभळीखाली, कळप पांगलेला, चरायला काही नाहीच. कागद हातात दिला. त्यांनी पूर्ण वाचला, मोठ्यानं, शाळेत वाचतात तसा. मग मला म्हणाल्या,

"मला त्या दिवशीच कळालं व्हतं. गठ्ठे उचलताना तुमी माझ्याकडं एकदाबी बघितलं न्हाई."

"मग तरी शोधत का होता?"

"म्हणलं, सरांना लाज वाटंल आन काढून देतील."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. माफी मागितली. ती त्यांनी ऐकली न ऐकल्यासारखी केली; एक शेळी काटेरी कुंपणात डोकं घालत होती, तिला हाकारत होत्या. एवढं होऊनही माझ्यातला लेखक गप्प बसेना. विचारलं, "ती ओळ तुम्हाला अगदीच चुकीची वाटते का?"

"ओळ तुमची हाय. तुमी तुमच्या तोंडानं म्हणा, कुणी नको म्हणलंय? माझ्या देवाला माझ्या नावानं कामून?"

कागद परत माझ्या हातात दिला.

"मी दावला तर म्हणतील, आता लिवून आणला. बुधवारी यात्रा हाय. तुमी या. सगळ्यांपुढं सांगा. आन माझी चिठ्ठी वाचा, सगळी."

येतो म्हणालो. भाऊंना सांगितलेलं नाही.

बुध. १२ फेब्रु.

गेलो. एस.टी.त दोनदा वाटलं, उतरावं.

देवळापुढं गर्दी, हलग्या. बाबारावांना गाठून म्हणालो, मला दोन शब्द बोलायचेत. हलग्या थांबवल्या. खालीच उभं राहून सांगितलं. ओळ माझी. बाईंची नाही. कागद माझ्याकडंच होता, मी खोटं बोललो. मार पडेल असं धरूनच गेलो होतो.

काही झालं नाही. बाबाराव जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "चुकी कबूल कराया जिगर लागती, सर." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दोघांनी दंड धरून मला पायऱ्यांवर नेलं. टोपी, टॉवेल, नारळ. फोटो. ज्यांनी अंक जाळले त्यांतलाच एक जण पेढा भरवत होता. सगळं मिळून पाच मिनिटं लागली नसतील.

गिरजाबाई खाली, बायांच्या घोळक्यात, पुढंच. त्या म्हणाल्या, "सर, चिठ्ठी."

कागद काढला. वाचायला लागलो. 'माझ्या हातानं वाढवलेला बोकड वर जातो…' इथवर आलो. बाबाराव हळूच म्हणाले, "झालं की आता, सर. मिटलं. आजच्या दिवशी कशाला?" हलगीवाल्यानं एक थाप मारली.

मी थांबलो. कुणी हात धरला नव्हता, तोंड दाबलं नव्हतं. कागद घडी करून खिशात घातला.

मेंढ्या उद्यापासून बाबारावांच्याच रानात बसणार. ते तेवढं झालं. त्यावर समाधान मानायचा प्रयत्न करतोय.

गुरु. १३ फेब्रु.

अंक उद्याचा. पान तीनवर गि.बाईंची चिठ्ठी लावलीय, पूर्ण, एक शब्द इकडचा तिकडं नाही. शेवटच्या चार ओळींसाठी खताची जाहिरात खाली सरकवली. शेजारी माझा खुलासा, नावासकट. भाऊंनी पान अजून पाहिलेलं नाही. सकाळी आले ते माझा टोपी-टॉवेलचा फोटो पान एकला घ्या म्हणत होते. 'वादावर पडदा' असं शीर्षकही सुचवलं त्यांनी. म्हणालो, बघतो. पाचला पानं छपाईला जातात. आत्ता सव्वातीन.

काल एक लिहायचं टाळलं. ते लिहितो आणि पान घेऊन भाऊंकडं जातो.

काल निघालो तेव्हा गि.बाई फाट्यापर्यंत सोबत आल्या. चिठ्ठीचं काही बोलल्या नाहीत. माझ्या हातात नारळ तसाच. एस.टी. दिसली तेव्हा म्हणाल्या,

"सर, तुमी वर जाऊन आलात. जवळून कसा दिसतो देव? शेंदूर लय हाय म्हणत्यात, डोळे दिसतात का?"

पायऱ्यांवर मी सगळा वेळ लोकांकडंच तोंड करून उभा होतो. देवाकडं वळून बघितलंच नव्हतं.