गोत्र बदललं, आतडी तीच

हेंद्रेपाडा, शनिवार संध्याकाळ

तपासणीचं एकदाचं ठरलं. ठरवलं कोणी, तर सासूबाईंनी. अजून हसू येतंय.

बाबा आतड्याच्या कॅन्सरने गेले आणि यंदा दादालाही तोच निघाला. लवकर कळलं, म्हणून ऑपरेशन होऊन तो बरा आहे. मलाही दुर्बिणीने तपासून घ्यायला सांगितलं होतं. मी टाळत होते. कारण सासूबाईंनीच दिलेलं, "लग्नात तुझं गोत्र बदललं. माहेरचं दुखणं इथे कसं येईल? शिवाय वीस वर्षं माझ्या हातची पालेभाजी खातेस."

ती पालेभाजी. माझ्या माहेरी, खरवईला, भाजी म्हणजे मटणाशेजारची शोभा.

आज त्याच मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, निकाल आपल्याच बाजूने लागणार या खात्रीने. डॉक्टर हसले. "आजी, पालेभाजीने धोका कमी होतो. पण रक्तातून आलेलं पुसलं जात नाही. दोन्ही मिळून ठरतं, म्हणून तपासायचं."

"आईकडूनही येतं?" सासूबाईंनी विचारलं.

"येतं ना."

रिक्षात सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे आपल्या चिऊलाही?"

माझी लेक, त्यांचा जीव. मी म्हटलं, "असू शकतं. माझं कळलं तर तिला कधी तपासायचं ते ठरेल."

"मग सोमवारीच जाऊ. मी येते."

चिऊसाठी तरी तपासून घ्यावं, हे इतके दिवस मला का सुचलं नाही? भीती आहेच. पण बाहेरच्या बाकावर त्या बसलेल्या असणार, म्हणजे डॉक्टरांनाही घाईघाईत उरकता यायचं नाही.