निकेल धरणारे दाणे

३ मार्च १९८४
मुंबईहून रेझिनचा ड्रम आला. मोहरीएवढे दाणे. प्लेटिंगच्या पाण्यातलं निकेल तेवढं धरतात, बाकी पाणी सोडून देतात. हे सगळं कारखान्याशेजारच्या चिमणाबाईंमुळे. आमचं हिरवं पाणी त्यांच्या विहिरीत उतरतं म्हणे. बाई भांडखोर.
मालक गणपतराव म्हणाले, कृष्णात, १२ तारखेला प्रदूषण मंडळाचे साहेब नमुना घेणार. पास झालो तर तू सुपरवायझर. नापास झालो तर टाळं.
ड्रमवरचं इंग्रजी लेबल सोलून इथं वहीत चिकटवलं. निसारमिस्त्रीच्या हाती लागायला नको. तीन ओळी. दोन समजल्या. स्पेलिंग तिन्हींचं बरोबर आहे.

५ मार्च
दाणे ओले निघाले! पाणी घालून वजन वाढवलंय. लबाड कंपनी. निसार म्हणाला, आसू दे की कृष्णात, वलंच भरूया. वीस वर्षं टाकीत हात घालून नखं हिरवी झाली म्हणजे अक्कल येत नाही. आणि नुसतं कृष्णात काय? कृष्णातराव म्हणायला काय होतं?

६ मार्च, सकाळी १०
गच्चीवर धोतर पसरून दाणे उन्हात घातले. चिमणाबाई कुंपणावरून ओरडल्या, काय रं, सांडगं घातलास व्हय? दुर्लक्ष केलं.

९ मार्च
खडखडीत वाळले. सुपानं पाखडले. ड्रमभर माल पाणी गाळायच्या एकाच काचेच्या नळकांड्यात बसला. निसार म्हणाला, वर हातभर जागा सोड. जागा सोडणं हा आळस. तोंडापर्यंत भरून झाकण बोल्टांनी आवळलं.

१२ मार्च, ११.२०
साहेबांसमोर मी स्वतः पाणी सोडलं. दाणे तडतडले. मग फुगायला लागले. निसार ओरडला, पावणं, मागं सरा! काच फुटली. साहेबांच्या बुटात दाणे. त्यांनी नमुना फरशीवरूनच घेतला. चिमणाबाई कुंपणावरून म्हणाल्या, माझी हीर तर नासलीच, आता माझ्या म्हशी तुझ्या घरात पाणी पितील की!
घातपात. काच निसारनं बसवली होती. मालकांना तसं सांगितलं.

१३ मार्च
टाळं लागलं. निसारला कायमचं काढलं. मालकांचा न्याय चोख.

१५ मार्च, दुपार
निसार घरी आला. वाटलं, भांडणार. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, कृष्णातराव, दाण्यांची कंपनी मालकास्नी इचारतीया, ड्रमवरचा कागूद वाचला न्हवता का? तुमी लिवणारं-वाचणारं. कागूद गावला तर माझी नोकरी ऱ्हाईल.
म्हणालो, कागद नव्हताच.
बरं, म्हणाला. गेला.
शब्दकोश काढला. तिसरी ओळ: दाणे वाळू देऊ नयेत.
लेबलावर कोरा कागद चिकटवला. खळ अजून ओली आहे. वही उन्हात ठेवतो.