क्लेसाठी शाम्पूचं पाणी

हर्षल,

आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय म्हणून वणीला गेलोय. संध्याकाळी परततो.

पुण्यात पार्किंग नाही म्हणून इथे ठेवलेल्या तुझ्या गाडीवर द्राक्षांच्या फवारणीचे थेंब वाळून बसलेत. ते काढायला तुझा तो मातीसारखा चिकट क्लेचा गोळा तू फिरवशीलच. पण तो सरकावा म्हणून भांड्यांचा साबण घेऊ नकोस, रंगावरचं वॅक्स निघतं. त्यावरून तूच मला झापलं होतंस. नुसत्या पाण्यावर गोळा अडकतो आणि ओरखडे उठतात. तुझा तो महागडा स्प्रे दोन दारांतच संपेल. बादलीत कार शाम्पू कालवून ठेवलाय, तो सढळ हाताने ओत. गाडी सावलीत घे, उन्हात फेस वाळतो.

मागच्या खेपेला अख्खी दुपार बॉनेटवरून हात फिरवलास आणि मला “बरंय ना, पप्पा?” एवढं विचारून स्टँड गाठलंस. गाडीचा हेवा करायचं माझं वय नाही, तरी केला.

फ्रीजमध्ये वांग्याची भाजी आहे, दोघांपुरती.

उजवी बाजू मी सकाळीच घासून ठेवलीय. डावीही झाली असती, पण मग मी येईपर्यंत तू थांबला नसतास.

— पप्पा